मी पडलो म्हणून वर्ग वाचला

मी तीन पायांवर उभा असलेला फळा बोलतोय. चौथा पाय नसल्याचं मला काडीचं दुःख नाही. पडायचं मनात आलं, तर तीनच पाय सोयीचे.

जन्माने मी दवाखान्याचा दरवाजा. त्या काळी मी नुसता करकरलो, तरी निम्मे रोगी बरे होऊन घरी पळायचे. दवाखाना मोडला, सुताराने मला कापून काळा रंग फासला आणि मी शिक्षणक्षेत्रात आलो. आधी पोरांच्या शाळेत, मग अडगळीत आणि आता इथे. मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवणारे नवे शिक्षक इथे तयार होतात.

इथली परीक्षा मोठी नामी. खऱ्याखुऱ्या प्रौढांपुढे एक धडा घ्यायचा. धडा संपेपर्यंत कुणी उठून गेलं नाही, तर वर्ग मिळतो. एक जरी गेला, तर प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

परवा बालवाडीतून आलेल्या एका बाईंची पाळी होती. सवय कुठली जायला! आल्या आल्या म्हणाल्या, "चला, हाताची घडी, तोंडावर बोट!"

पुढे बसलेल्या ट्रकवाल्या काकांच्या मिशा ताठ झाल्या. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "अहो बाई, माझा नातूसुद्धा हे ऐकून घेत नाही हो!"

बाई गडबडल्या आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगून बसल्या. काका उठून चपला शोधू लागले. मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. बाईंचे डोळे भरून आले.

मला राहवेना. हळूच एक पाय सरकवला आणि धाडकन अंग टाकलं!

सगळे धावले. काका सवयीने ओरडले, "मावशी, डावीकडून धरा! येऊ द्या, येऊ द्या... थांबा!" मी ट्रकसारखा जागेवर लागलो.

बाईंनी डोळे पुसले, खडू उचलला आणि काकांचं 'येऊ द्या', 'येऊ द्या', 'थांबा' माझ्यावर एकाखाली एक लिहिलं.

काका बघतच राहिले. "ह्या पहिल्या दोन ओळी सारख्याच दिसतायत की!"

"तुम्ही दोनदा म्हणालात ना, काका."

"म्हणजे हे मी बोललो ते?"

"तुमचंच."

काका खाली बसले. "मग 'ब्रेक दाबा' पण लिहा."

"आणि माझं 'इस्त्री गरम आहे'!" मावशी म्हणाल्या.

वेळ संपली तरी कुणी हलेना. शेवटी प्रशिक्षकांनीच सगळ्यांना घरी पिटाळलं आणि बाईंना वर्ग दिला.

माझा मात्र एक कोपरा उडाला. म्हणून नव्या शिक्षकांनो, हात नाहीत तरी जोडतो: समोरच्याला आधी बोलू द्या. दर वेळी पडायला मी काही आता तरुण राहिलेलो नाही!