नेहमीसारखंच राहा

मानसीच्या कॉम्प्युटरमधली माणसं फार गुणी होती. बाहेर गार वारा असला की ती आपणहून उठून खिडक्या उघडायची आणि एसी बंद करायची. ऊन चढलं की खिडक्या लावून घ्यायची आणि मग एसी चालू करायची. खिडकीही उघडी आणि एसीही चालू, असं पाप त्यांच्या हातून कधीच घडत नसे.

मानसी परळच्या एका ऑफिसात होती. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन-वारा सोडायचा आणि वीज किती लागेल ते काढायचं, हे तिचं काम. सध्या दादरच्या एका ट्रस्टच्या अभ्यासिकेचं काम चालू होतं. खिडकीच्या वाऱ्याने कधी भागवायचं आणि मशीनला कधी कामाला लावायचं, याचे नियम तिने बसवले होते. हातातला चहा संपेपर्यंत कॉम्प्युटरमध्ये अख्खं वर्ष उलटायचं आणि वीजबिल निम्म्यावर यायचं.

तिच्या बॉस कौसल्या मॅडमनी तो आलेख पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मानसी, ही तुझी माणसं राहतात कुठे गं? मला तिथे फ्लॅट बघायचाय."

"म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे असं कोणी वागत नाही. खऱ्या घरातले आकडे आण. निदान एका तरी."

खरं घर मानसीकडे एकच होतं, सासरचं. घोडपदेवची चाळ पाडून तिथे दोन विंगांची बिल्डिंग झाली होती आणि ए विंगला अकराव्या मजल्यावर कांबळ्यांचा फ्लॅट होता. घरात सासरे बुधाजी, सासूबाई सुंदराबाई, नवरा राकेश आणि ती. बुधाजी गोदीत फिटर होते, आता रिटायर. राकेशने गेल्या दिवाळीच्या बोनसमधून हॉलमध्ये एसी लावला, तेव्हापासून बुधाजींची दुपार त्या एसीखाली जायची.

मानसीने रविवारी सकाळी खिडक्यांना छोटी चुंबकं चिकटवली, एसीच्या प्लगला एक मीटर जोडला आणि घड्याळाशेजारी एक पांढरी डबी लावली.

"ही काय करते?" सुंदराबाईंनी विचारलं.

"हवा मोजते, आई."

"म्हणजे आपलं घर तुझ्या ऑफिसला दिसणार?"

"घर नाही, नुसते आकडे. खिडकी कधी उघडली, एसी कधी लावला, एवढंच. तुम्ही अगदी नेहमीसारखंच राहा."

सुंदराबाईंनी मान हलवली. डबीवरची नसलेली धूळ पदराने पुसली. मग रात्री भाकरी वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण मानसी, बरोबर काय असतं? खिडकीचं?"

कोणी आपल्या कामाबद्दल विचारलं की मानसी खुलायची. तिने ताटात बोटाने रेघा मारून सगळा नियम समजावून सांगितला. बुधाजी जेवायचे थांबून ऐकत होते. राकेश तेवढा मोबाइलमध्ये होता.

दोन आठवड्यांनी आकडे हातात आले आणि मानसीचा विश्वास बसेना. कांबळ्यांचं घर तिच्या मॉडेलच्या वरताण निघालं होतं. सकाळी खिडक्या उघड्या, एसी बंद. ऑक्टोबरचं ऊन चढलं की खिडक्या बंद. एसीसुद्धा जेमतेम, कधी कधी तर नाहीच. तिने आलेख कौसल्या मॅडमच्या टेबलावर ठेवला. आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण तो काही लपला नाही.

"वा," मॅडम म्हणाल्या. "सासू-सासरे आहेत की देवमाणसं?" मग त्यांनी पेनाने खालच्या एका रेषेवर टकटक केलं. "ही कसली?"

"पांढऱ्या डबीची. माणसांच्या श्वासामुळे हवेत जो कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो."

"मग दुपारी तो बाहेरच्या हवेइतका का गं? खिडक्या बंद, दार बंद. दोन माणसं घरात झोपलीत आणि श्वास घेत नाहीत?"

मानसीने रेषा पुन्हा पाहिली. रोज दुपारी बारा-साडेबाराच्या पुढे ती उतरत उतरत तळाला जात होती आणि चार-साडेचारला पुन्हा वर चढत होती. तिने सासूबाईंच्या मोबाइलवर फोन लावला.

"आई, काय करताय?"

"काही नाही, पडलेय जरा. हे पण झोपलेत," सुंदराबाई म्हणाल्या. मागे कढईत काहीतरी चर्रर्र वाजलं.

मानसीने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि टॅक्सीने घर गाठलं. दाराला कुलूप. आपल्या चावीने उघडून ती आत गेली तर घर भट्टीसारखं तापलेलं आणि बी विंगसमोरची मोठी खिडकी नियमानुसार घट्ट बंद. तिने ती सरकवली. समोरच्या खिडकीत गंगुबाईंचं घर अगदी बोलण्याच्या अंतरावर होतं. चाळीत ही दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. नव्या बिल्डिंगमध्ये मध्ये मोकळी जागा आली, पण बोलणं काही थांबलं नव्हतं.

गंगुबाईंच्या हॉलमध्ये पंखा गरगरत होता. फरशीवर उशी घेऊन बुधाजी बनियनवर आडवे झाले होते. सुंदराबाई गॅससमोर उभ्या राहून बोंबील तळत होत्या.

"आई!"

सुंदराबाईंच्या हातातला झारा थांबला. बुधाजींनी डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

"आली बघ तुझी परीक्षक," गंगुबाई हसत सुटल्या. "अगं मानसी, इकडेच ये. गरम आहेत. पंधरा दिवस तुझे सासू-सासरे माझ्याकडे पेइंग गेस्ट आहेत, नुसते पेइंग नाहीत एवढंच."

मानसी गेली. दारात चपला काढतानाच तिने विचारलं, "हे काय चाललंय?"

सुंदराबाईंनी आधी तिच्या हातात ताटली दिली आणि मगच तोंड उघडलं. "घरात तळलं तर खिडकी उघडावी लागते. दुपारी उघडली तर तुझं चुकतं. बंद ठेवली तर आम्ही उकडून निघतो आणि यांना एसी लावला की बंद करायचं भान राहत नाही. मग म्हटलं, नकोच. पोरीचं ऑफिसात नाव खराब व्हायला नको."

"पण मी सांगितलं होतं ना, नेहमीसारखं राहा म्हणून!"

आता बुधाजींनी घोरणं आवरलं आणि ते उठून बसले. "असं कुठे जमतं का? गोदीत साहेब राउंडला आला की आमचे पाने आपोआप जागेवर जायचे. साहेब म्हणायचा, यू कॅरी ऑन, कॅरी ऑन. तो जाईपर्यंत कोण कॅरी ऑन करतंय?"

मानसीला रागवायचं होतं. पण तोंडात बोंबील होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मिरचीमुळे आलंय असं तिने सांगितलं. दोन माणसं तिच्यासाठी पंधरा दिवस आपल्याच घराच्या बाहेर बसली होती आणि तिचा आलेख त्याला शहाणपण समजत होता.

दुसऱ्या दिवशी तिने कौसल्या मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या केबिनमधून कोणीतरी डोकावलं. "अगं, मागच्या ऑडिटच्या आठवड्यात आपण सगळे वेळेवर आलो होतो, आठवतं? जा, डबी तशीच राहू दे. नीट वागून कंटाळतील."

तसंच झालं. महिन्याभरात पांढऱ्या डबीवर खरी धूळ बसली आणि सुंदराबाईंनी तिच्या खिळ्यालाच पिशवी अडकवली. आकडे आले ते असे: एसी चालू, पंखा पाचवर आणि खिडकी अर्धी उघडी, सगळं एकाच वेळी. एसी बुधाजींसाठी, पंखा सवयीचा आणि खिडकी गंगुबाईंसाठी.

मानसीने ही माणसं मॉडेलमध्ये घातली. अभ्यासिकेची बचत निम्म्याने घटली. मग तिने नियम बदलला. खिडकी उघडली की दोन-चार मिनिटं वाट पाहून एसीने स्वतःच बंद व्हायचं आणि खिडकी लागली की पुन्हा थोडं थांबूनच चालू व्हायचं. नाहीतर कोणी खिडकीशी चाळा केला की मशीन वेडं होतं. आता माणसांनी शहाणं असायची गरज उरली नाही. बचत पहिल्याइतकी नाही, पण बरीचशी परत आली. ट्रस्टच्या लोकांनाही ते पटलं.

"आधी घरी लावून बघ," कौसल्या मॅडम म्हणाल्या. त्यांना आता कांबळ्यांच्या घराची गोडी लागली होती.

खिडकी उघडली की एसी बंद करणारं यंत्र मानसीने घरी कोणाला न सांगता लावलं आणि ते आठवडाभर गुपचूप चाललं. मग एका रविवारी बुधाजी स्टुलावर चढून एसीला कान लावताना दिसले.

"राकेश, हा बंद पडतोय मध्येच. मेकॅनिक बोलाव."

"आत्ता तर चालू होता," राकेश म्हणाला.

"तेच तर म्हणतोय. मी डोळा लावला की हा जातो."

मेकॅनिक आला. त्याने आल्या आल्या खिडकी लावून घेतली. एसी झकास चालला. चहा पिऊन तो गेला आणि थोड्या वेळात एसी पुन्हा गप्प झाला. बुधाजी सुनेकडे वळले. "मानसी, तू इंजिनीअर ना? तूच सांग. काय झालंय याला?"

मानसीने खोलीभर नजर फिरवली. सुंदराबाई खिडकीखाली बसून लसूण सोलत होत्या. चेहरा इतका साधाभोळा की संशय यावा. त्यांच्या डोक्यामागे पडदा हलत होता. खिडकी बोटभर उघडी होती.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

मानसीने एक क्षण विचार केला. "बाबा," ती म्हणाली, "मशीनमध्ये काही बिघाड नाही. त्याला थोडी विश्रांती लागते."

"मशीनला विश्रांती?" बुधाजींनी जन्मभर मशीनं दुरुस्त केली होती. त्यांना मेकॅनिकने लावलेली खिडकी आठवली. ते सरळ खिडकीशी गेले, पडदा बाजूला केला आणि त्या फटीकडे बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

"असं आहे होय!"

"माझे गुडघे धरतात त्या गारव्याने," सुंदराबाई लसणावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. एसीच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नाही."

राकेशने मोबाइलमध्ये तोंड लपवलं. बुधाजींनी खिडकी लावली नाही, उलट पूर्ण सरकवली आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. समोरून गंगुबाईंनी विचारलं की मेकॅनिक काय म्हणाला. बुधाजींनी सांगितलं की पार्ट जुना आहे, बदलता येत नाही.

सुंदराबाईंनी सोललेली लसणाची एक पाकळी त्यांच्या पाठीवर नेम धरून मारली.