एक बारीक झटका

"हे यंत्र खोटं बोलतंय रे तुझं," ताईची सासू मला म्हणाली.

ताई पाळण्यापाशी धावत येऊन उभी होती. बाळ गाढ झोपलेलं. आवाज झाला होता तो स्वयंपाकघरात, चमचा पडल्याचा.

ताईला ऐकू येत नाही. कॉलेजात असताना तापात कान गेले. बोलते नीट, समोरच्याचं ओठांवरून ओळखते. दाजी रात्रपाळीला असतात, म्हणून सासूचं म्हणणं, बाळ रात्री आजीच्या खोलीत झोपेल. ताईला ते नको होतं. मी मोबाइल दुरुस्त करतो, तर तिनं मलाच धरलं. मी पाळण्याला आवाज टिपणारी डबी लावली आणि तिच्या मनगटाला पट्टा. बाळ रडलं की पट्ट्यातली मोटर थरथरते.

घोडं अडलं बॅटरीवर. मोटर चालवणारी चिप गप्प ठेवायचे दोन मार्ग. तिच्या एनेबल पिनवरून, म्हणजे चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या पायावरून, तिला नुसतं झोपवायचं, नाहीतर मधे स्विच टाकून वीजच तोडायची. माझी चिप स्वस्तातली, झोपूनही वीज खायची. पहाटेआधी बॅटरी मान टाकायची. मग तोडलीच वीज. कुठे खुट्ट झालं की चिपला वीज मिळणार, आणि ते रडणंच असेल तर मोटर फिरणार. पण वीज आली रे आली की मोटर एक बारीक झटका द्यायची. उगाचच.

"आता चमच्यालाही उठायचं का हिनं?" सासू म्हणाली.

"काकू, एक रेझिस्टर लावला की जाईल ते."

ताई आमच्या तोंडांकडे बघत होती. "पण आई, मी उठले ना?"

पाळणा ताईच्या खोलीतच राहिला.

मी रेझिस्टर लावला. झटका गायब. काम एकदम स्वच्छ, मी खूश.

दोन दिवसांनी ताई दुकानात हजर. डोळे सुजलेले. डबी आणि पट्टा काउंटरवर ठेवले.

"काढ ते."

"का? बाळ रडल्यावर थरथरत नाही?"

"थरथरतं की. पण एरवी काहीच नाही. चालू आहे का मेलंय, कळायचं कसं? रात्रभर बाळाकडे बघत बसते मी."

"अगं, पण झटक्यानं सारखी उठशील."

"उठेन. बघेन. परत झोपेन."

काढला रेझिस्टर. पट्टा तिच्या मनगटाला बांधला आणि डबीजवळ बोटानं टकटक केलं. झटका लागला तशी तिनं मान हलवली.

"परत," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी परत वाजवलं. मान हलली. मागे गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. मी वाजवत राहिलो.