सुईला बांधलेलं जाळं

अर्धा विणलेला जांभळा स्वेटर मी संध्याकाळी सुयांसकट पडवीतल्या खुंटीला टांगला होता. सकाळी बघते तर एका कातिणीने तगरीच्या फांदीपासून थेट माझ्या सुईपर्यंत जाळं घातलेलं. मधोमध बाईसाहेब खाली डोकं करून बसल्या होत्या. पाठीवर पिवळे-काळे पट्टे, पाय जोडीजोडीने ताणलेले, आणि जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली.

"विषारी हाय ती," प्राप्तीचे बाबा रिक्षा पुसता पुसता म्हणाले. "सरक, झाडू मारतो."

"मारा की. मग स्वेटरही तुम्हीच विणा."

ते पुन्हा रिक्षा पुसू लागले. स्वेटर त्यांच्यासाठीच आहे असं मी सांगितलं होतं. रेवदंड्याच्या उकाड्यात स्वेटर घालून रिक्षा चालवली तर अलिबागपर्यंत लोक हसतील, हे त्यांनाही कळत होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात कुठे विचारू नये ते ते शिकलेत.

खरं तर स्वेटर प्राप्तीसाठी होता. पालीचं चांगलं स्थळ नाकारून लेक हिमाचलात गेली, सफरचंदाच्या बागेतले किडे मोजायला. किडे मोजायला कुणी पगार देतं, हे मला अजून पटत नाही. भांडून गेली ती गेलीच. बाबांना फोन करते, मला नाही. मीही करत नव्हते. स्वेटर पुरा झाला की गुपचूप पाठवायचा आणि मग बघू म्हणावं कशी बोलत नाही, असा माझा बेत होता.

आता ही कातीण उठेना. जवळ जाऊन बघायचा मोह सुटत नव्हता आणि हात लावायची छाती होत नव्हती. फुंकर मारली तर ती जाळ्यासकट गदागदा हलली. मी दोन पावलं मागे. ती फुली कशाला घातली असेल? माशांना कळावं म्हणून, की कळू नये म्हणून? खरंच चावते का? आमच्या घरात हे ज्याला विचारावं असं माणूस एकच, आणि तेच रुसलेलं.

शेवटी मोबाईल काढला. स्वेटर दिसू नये म्हणून वाकडी झाले, खाली बसले, खुर्चीवर चढले. काय करणार, जाळंच सुईला बांधलेलं. वैतागून आहे तसा फोटो पाठवला. चहा उकळायच्या आत व्हिडिओ कॉल आला.

"आई, हात लावू नकोस तिला."

किती महिन्यांनी 'आई' ऐकलं.

"मला काय होतंय?" मी म्हटलं.

"तुला नाही गं, तिला होईल. विष आहे तिला, पण माशी मारण्यापुरतं. माणसाला चावलीच तर थोडं झोंबेल. रात्री ती जाळं मोडून नवं घालते. तेव्हा सुई हळूच काढून घे."

"आणि ती फुली कशाला?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. तेच तर शोधतात लोक." मग तिने विचारलं, "स्वेटर कुणाला?"

"तुझ्या बाबांना."

"जांभळा?"

मी तोंड फिरवून कातिणीकडे बघत राहिले. डोळे भरले होते, ते तिला कशाला दाखवू?

"बाह्या जरा लांब ठेव," प्राप्ती म्हणाली. "इथे मनगटं गारठतात."