तात्पुरती ओळ

विकत घेतलं की चालतं, असा ताईंच्या धाकट्या भावाचा जगाबद्दलचा एकूण समज होता. महागडी खुर्ची घेतली, पाठ दुखायची थांबली नाही. कॉफीचं यंत्र घेतलं, ते कोपऱ्यात लाल दिवा लावून बसलंय. आता त्याला प्रोव्हायडर विकत घ्यायचा होता.

"ताई, ऐक ना."

"ऐकतेय. ऐकायला अजून पैसे पडत नाहीत."

दोन खोल्यांच्या त्या कार्यालयात भाऊ मालक होता आणि ताई प्रोग्राम लिहायच्या. रक्तपेढीला दिलेला त्यांचा प्रोग्राम सध्या एका रक्तगटाची पिशवी शोधायला चार मिनिटं घेत होता. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं, "चार वाजेपर्यंत नीट झालं नाही तर तुमचा प्रोग्राम बंद. आम्ही वह्या काढतो."

प्रोग्राम बोलतो पिशवी, दाता अशा वस्तूंच्या भाषेत; डेटाबेसला कळतात फक्त तक्ते. या दोघांची गाठ घालून देतो तो ओआरएम, आणि त्याचं म्हणणं डेटाबेसच्या बोलीत पोचवणारा दुभाषा म्हणजे प्रोव्हायडर. ताईंचा दुभाषा फुकटचा होता. भावाच्या मते सगळं खापर त्याच्याच डोक्यावर.

विकतच्या प्रोव्हायडरचा विक्रेता आला तो लॅपटॉप उघडतच. "मॅडम, बघा. चुटकीसरशी!"

"किती पिशव्या आहेत यात?"

"नमुन्याला सात."

"सात तर मी बोटांवर शोधते. हे घ्या," ताईंनी रक्तपेढीच्या डेटाची प्रत पुढे सरकवली. "यात वापरलेल्या धरून तीन लाख आहेत."

दोन ओळी बदलून विकतचा प्रोव्हायडर जोडला. पडद्यावरचं चाक फिरू लागलं. विक्रेत्याने टाय सैल केला, भावाने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं, वर दोन सेकंद.

"सर्व्हर जरा मोठा घेतलात तर..." विक्रेता पुटपुटला.

"घे रे," ताई भावाला म्हणाल्या, "सर्व्हर घे, इमारत घे. हा प्रोव्हायडरही घरी घेऊन जा, शोभेला ठेव."

विक्रेत्याने तरी चिवटपणे पडद्यावर एक खिडकी उघडली. डेटाबेसकडे नेमकं काय मागितलं जातं, ते तिच्यात दिसे. "खेळणं," ताई नाक मुरडून म्हणाल्या आणि वाचू लागल्या.

मागणी एवढीच होती: सगळ्या पिशव्या आण. रक्तगटाची अट कुठेच नव्हती. म्हणजे तीन लाख पिशव्या आधी प्रोग्राममध्ये ओतायच्या आणि मग त्यांतून एक निवडायची. दुभाषा कुठलाही असो, त्याला सांगितलंच तेवढं होतं.

ही मागणी करणारी प्रोग्राममधली ओळ ताईंनी शोधून काढली. आधी यादी, मग अट. शेजारी टीप: "तात्पुरते, नंतर सुधारणे." तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा पिशव्या चाळीस होत्या.

"कोणी लिहिलंय हे?" भाऊ आता तोऱ्यात आला. "नोकरी सोडून गेला तो पोरगा ना? मला वाटलंच होतं. धांदरट!"

साडेतीन वाजले होते. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. विक्रेता पाहत होता.

"मी," ताई म्हणाल्या. "धांदरट मी."

त्यांनी अट यादीच्या आधी आणली, जुना फुकटचा प्रोव्हायडर परत जोडला. चाक दिसायच्या आत पिशवी सापडली. दुरुस्ती रक्तपेढीत चढवली आणि फोन लावला. तंत्रज्ञ बाईंनी शोधून पाहिलं. "मिळाली," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"म्हणजे विकत घ्यायचं नाही?" भावाचा चेहरा पडला.

"नाही." ताई विक्रेत्याकडे वळल्या. "तुमची ती खिडकी पंधरा दिवस मोफत असते ना?"

"हो, मॅडम."

"राहू दे इथेच. माझ्या अजून बऱ्याच तात्पुरत्या ओळी आहेत."