ब्याऐंशी अंशांवर उघडणारं दार

बाहेर ४६

मित्रांनो, मी जुना आहे हे खरं. बिघडलेला मात्र नाही. एवढं आधी ऐकून घ्या, बाकीचं मग सांगतो.

मी एका मोटारीतला थर्मोस्टॅट आहे. नावाला घाबरू नका. तुमच्या मुठीत मावेल एवढी पितळेची चकती आणि तिच्या पोटात थोडं मेण. इंजिनातलं पाणी ब्याऐंशी अंशांपर्यंत तापलं की मेण वितळतं, फुगतं आणि माझं दार उघडतं. मग ते गरम पाणी समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, वाऱ्याने निवतं आणि परत येतं. पाणी निवलं की मी मिटतो. तीस वर्षं मी उघडलो आणि मिटलो. एकदाही चुकलो नाही.

तरी मला काढून टाकलं.

हे शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

८२

माझ्या जन्माचं फारसं आठवत नाही. एका माणसाने मला गरम पाण्यात बुडवलं, उघडताना पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर माझ्याकडे असं नीट कोणी पाहिलं नाही. मला एका लाल, दोन दारांच्या, जमिनीला पोट घासेल इतक्या बुटक्या स्पोर्ट्स गाडीत बसवलं. पहिला मालक कुठलासा साहेब होता. चंद्रपुरात ती गाडी निघाली की पोरं मागे धावायची. मग साहेबाची बदली झाली. गाडी एका टिनाच्या छपराखाली पडून राहिली आणि सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

तिथून तिला श्रावणभाऊंनी आणलं. ते बल्लारपूरच्या कागद कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर सात वर्षं ते त्या गाडीला लागले होते. दार सरळ केलं, वायरी बदलल्या, रंग दिला. मला काढून, पुसून, हलक्या हाताने परत बसवलं. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला कळतं.

नव्हतं कळत! निदान एक गोष्ट नव्हती कळत.

श्रावणभाऊंच्या घरी बोअरचं पाणी येतं. त्यात इतके क्षार की डाळ शिजत नाही. म्हणून त्यांच्या पत्नी कमलाबाई डाळीसाठी विकतच्या कॅनचं पाणी वापरत. आणि श्रावणभाऊ गाडीत काय ओतत? बोअरचं. सात वर्षं. बाई टोकत राहिल्या, भाऊ हसत राहिले. गाडीला काय डाळ शिजवायची आहे, असं म्हणायचे.

प्रत्येक बादलीबरोबर क्षारांची थोडी पांढरी खर आत येत होती आणि नळ्यांना चिकटत होती. बाहेरून कोळशाची धूळ जाळीत बसत होती. मी दार उघडायचो, पण पुढची वाट दर वर्षी अरुंद होत चालली होती. मला सगळं कळत होतं. मला तोंड नाही, दार आहे.

९८

या एप्रिलमध्ये गाडी तापू लागली.

आणि नेमकी याच वर्षी गाडी धावायला हवी होती. श्रावणभाऊंना काचबिंदू झाला आहे. त्यांची नजर कडेने मिटत येते. पुढच्या उन्हाळ्यात स्टेअरिंग हाती घेऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मे महिन्यात गोंडपिपरीला मयुरीचं लग्न होतं. मयुरी म्हणजे कमलाबाईंचे भाऊ राजदीप यांची मुलगी. बाईंना याच गाडीतून माहेरी नेण्याचा शब्द भाऊंनी सात वर्षांपूर्वी दिला होता. तेव्हापासून राजदीप भेटले की एकच विचारायचे, "भाऊजी, कोंबड्यांनी जागा सोडली का नाई अजून?"

म्हणजे एकच फेरी होती. ती हुकली की संपलं.

श्रावणभाऊ मला प्रफुलच्या गॅरेजात घेऊन गेले. काचबिंदू झाल्यापासून त्यांचा स्वतःच्या हातांवर भरवसा राहिला नव्हता. प्रफुल वाईट माणूस नाही. पण त्याने रेडिएटर उघडून पाहिला नाही. बोनेट उचललं आणि माझ्याकडे बोट केलं.

"श्रावणभाऊ, हे काढून टाकतो. आपल्या चांद्यात याचं काय काम? थंड देशातलं सामान आहे हे. दारच नाई राह्यलं तर पाणी कोण अडवते?"

आमच्याकडे हे सगळे गॅरेजवाले असंच करतात, मित्रांनो. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा. जो दारावर उभा आहे तोच गुन्हेगार!

मी नुसता अडवत नाही हो. मी उघडतो तेव्हा माझ्या पाठीमागची चकती एक आडवाट बंद करते. ती आडवाट उघडी राहिली तर अर्धं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत शिरतं. मला काढलं की ती कायमची उघडी राहते. हे प्रफुलला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

त्याने मला भंगाराच्या डब्यात टाकलं. कमलाबाईंनी उचललं. गाडीसोबत आलेली वस्तू गाडीसोबतच राहील, असं म्हणाल्या आणि मला आपल्या चंचीत, सुपारीशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी गावात एक चक्कर मारली. उष्णतेचा काटा खालीच राहिला. प्रफुलची वाहवा झाली. मी सुपारी होऊन ऐकत होतो.

११५

लग्नाच्या दिवशी ते दहा वाजता निघाले. ऊन पेटलेलं होतं.

गाडीचा उष्णतेचा काटा डाव्या कोपऱ्यात आहे. भाऊंना तो कोपरा दिसत नाही. म्हणून दोघांनी रीत पाडली होती. ते विचारायचे, बाई वाचायच्या.

"कमला, काटा कुठी आहे?"

"अर्ध्यावर."

बल्लारपूर मागे पडलं. रस्ता मोकळा झाला, भाऊंनी वेग वाढवला.

"काटा?"

"चढून राह्यला."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं नाही. बाईंनीच सांगितलं.

"लालीत गेला जी. थांबवा."

"कोठारी येऊ दे. तीनच किलोमीटर आहे."

"थांबवा म्हटलं ना."

"मधातच उभी राह्यली तर राजदीप ट्रॅक्टर घेऊन येईल. जलमभर ऐकवील."

ते तीन किलोमीटर. मित्रांनो, मी चंचीत होतो. माझं मेण बाईंच्या कमरेशी गार पडलं होतं, आणि जिथे मी असायला हवा होतो तिथे पाणी उकळत होतं. त्या तीन किलोमीटरांचा राग माझा आजही गेलेला नाही.

१००

कोठारीला गुणाबाईंच्या चहाच्या टपरीसमोर गाडी वाफ सोडत थांबली. भाऊ रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. कमलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि अर्धा तास सोडला नाही.

मग त्यांनी मला चंचीतून बाहेर काढलं. सात वर्षं गाडीचं काम पाहून त्यांनाही थोडं कळत होतं.

"गुणाबाई, पातेल्यात नुसतं पाणी ठेवता का? याची परीक्षा घ्यायची आहे."

"हे काय आहे, बाई? चहात टाकाचं औषध?"

"औषधच होतं. यायनं काढून फेकलं."

मला दोऱ्याने बांधून पातेल्यात सोडलं. पाणी तापत गेलं. तळातून बुडबुडे निघू लागले. माझं मेण हललं. आणि मी उघडलो. सगळ्यांसमोर, चहाच्या पातेल्यात, पुरता उघडलो.

श्रावणभाऊ वाकून पाहत होते. समोरचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं.

"हा तं चांगला आहे," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी मला स्वतःच्या हातांनी परत बसवलं. दोनच बोल्ट असतात, मित्रांनो. दोन! सांध्यात घालायचं कागदाचं पॅकिंग फाटलं होतं. भाऊंनी मयुरीच्या लग्नाची पत्रिका घेतली, जाड होती, आणि गुणाबाईंच्या कात्रीने चाचपडत गोल कापली. उभा जन्म कागदात घालवलेला माणूस. माप चुकलं नाही. 'मंगल परिणय' ही अक्षरं माझ्या खालीच आली.

गुणाबाईंनी कॅनचं पाणी दिलं. इंजिनाची उष्णता बाहेर निघावी म्हणून भाऊंनी गाडीतला हीटर पूर्ण सोडला. बाहेर सेहेचाळीस, आत भट्टी, दोन्ही काचा खाली. बाई काटा वाचत राहिल्या, गाडी बैलगाडीच्या चालीने जात राहिली. मी उघडाच होतो. नळ्या बुजलेल्या होत्या, तरी जेवढं पाणी जाईल तेवढं लोटत होतो.

गोंडपिपरीला पोचलो तेव्हा लग्न लागून पंगती उठल्या होत्या. दोघंही घामाने निथळत होती. राजदीप धावत आले.

"भाऊजी, नदीतून आले का गाडी घेऊन?"

मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि दार स्वतः उघडून धरलं. मयुरी नव्या साडीनिशी पुढच्या सीटवर बसली. तेवढा एक फोटो आहे.

शून्य

परतीला गाडी ट्रॅक्टरमागे आली. इंजिनाचं तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. तेलात पाणी शिरलं, म्हणजे इंजिनाच्या वरचं जाड झाकण, त्याचं डोकं, तडकलं. तसं डोकं आता कुठेच मिळत नाही.

प्रफुल काय म्हणाला, सांगू? म्हणाला, तो थर्मोस्टॅट परत लावला म्हणूनच गेली.

माझ्या पोटातलं मेण तेव्हा गरम पाण्याशिवाय, नुसत्या रागाने वितळलं असतं.

कमलाबाई म्हणाल्या, "प्रफुल, तो रेडिएटर काप."

त्याने कापला. नळ्यांत पांढरा दगड होता. पाचातल्या चार नळ्या ठार बंद. बाईंनी पिशवीतून घरचं जुनं डाळीचं पातेलं काढलं आणि शेजारी ठेवलं. तळाला तीच पांढरी खर.

"डाळीले क्यान अन् गाडीले बोअर," त्या म्हणाल्या.

प्रफुलने पातेल्याच्या तळावरून नख फिरवून पाहिलं. बोलले श्रावणभाऊ.

"पाणी मीच टाकलं, बाबू. अन् थांबा म्हटलं तवा मीच थांबलो नाई."

तेव्हा माझा राग अर्धा उतरला. अर्धाच.

आता गाडी पुन्हा छपराखाली आहे. संध्याकाळी भाऊ स्टेअरिंगमागे जाऊन बसतात. बाई शेजारी सुपारी कातरत असतात.

"काटा कुठी आहे?"

"खाली आहे जी."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी गाडी असेल, पंप असेल, कूलर असेल. त्यात काय ओतता ते पाहा. ज्याची चूक दिसते ती त्याचीच आहे का, हे फेकण्याआधी एकदा गरम पाण्यात घालून पाहा. आणि शेजारी बसलेलं माणूस थांबा म्हणालं, तर थांबा. पुढचं गाव कुठे पळून जात नाही.

मी अजून गाडीतच आहे, कागदाच्या त्या गोल तुकड्यावर. अजून ब्याऐंशीला उघडतो. विश्वास नसेल तर कोठारीला जा आणि गुणाबाईंना विचारा. त्यांनी पाहिलं आहे.