तिसरा खांब

आमच्या तळ्याकाठच्या देवळात देव कधीच नव्हता. मालकांच्या कुणा पणजोबांनी रोम पाहून आल्यावर ते हौसेनं बांधलं. समोर चार उंच खांब, आत एक बाक. मालकांच्या पिढ्या तिथे बसून चहा प्यायल्या आणि आम्ही नोकरमंडळींनी तो तिथवर वाहून नेला.

माझे वडील इस्टेटीवर सुतार. अडतीस सालच्या वादळात झाड कोसळून तिसरा खांब फुटला, तेव्हा थोरल्या साहेबांनी त्यांच्याकडून तो लाकडाचा करवून घेतला. ओल्या रंगावर वाळू फेकली की लाकूड हुबेहूब दगडासारखं दिसतं.

"ॲमॉस, हे तुझ्या-माझ्यात," साहेब म्हणाले. वडिलांनी शब्द दिला. मला ठाऊक होतं, कारण वाळू मीच चाळली होती. तेव्हा मी दहा वर्षांची होते. ती चाळण अजून माझ्याकडे आहे.

पुढे साहेब वारले. युद्ध संपल्यावर बाईसाहेबांनी देऊळ विकायला काढलं. एका फेब्रुवारीत लंडनहून ब्रॅकनेल नावाचे गृहस्थ आले. त्यांना फक्त चार दगडी खांब हवे होते. बाकीचं पाडायचं होतं.

वडील टोपी हातात धरून उभे होते. बोलावं तर शब्द मोडतो, गप्प बसावं तर देऊळ जातं.

"उत्तम दगड!" खांबावर हातमोजा फिरवत ब्रॅकनेल म्हणाले. "काय सुतार, तुम्हाला काय वाटतं?"

"मला लाकडातलं कळतं, साहेब."

"मग इथं तुमचं काय काम?" ते हसले.

मी चहाचा ट्रे पुढे केला. "हातमोजे काढून घ्या, साहेब. कप निसटायचा. बाईसाहेबांच्या आजेसासूंचा आहे."

चहा संपवून त्यांनी उघडा हात पहिल्या खांबावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. "बर्फ आहे नुसता!" दुसराही तसाच. तिसऱ्यावर मात्र हात तसाच राहिला. त्यांनी खिशातला चाकू काढून खुपसला. लाकडाचा टवका निघाला.

"ॲमॉस?" बाईसाहेब म्हणाल्या.

"हो, बाईसाहेब."

"दहा वर्षं मी याच खांबाला टेकून बसतेय. तरी म्हटलं, इथेच पाठ कशी गारठत नाही!"

ब्रॅकनेल हातमोजे चढवून मोटारीकडे चालू लागले. तीन खांब त्यांच्या कामाचे नव्हते.

घरी येताना वडील म्हणाले, "मी काही बोललो नाही."

"नाही बोललात."

"तूही नाही बोललीस."

"मी फक्त चहा दिला."

फाटकापाशी ते थांबले. मग म्हणाले, "केवढा टवका उडवलाय गाढवानं. थंडी सरली की रंग देऊ. वाळू चाळून ठेव."