गट सतरा: वेगळी चूल

कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे अक्का म्हणत, कारण त्या हॉलमध्ये पन्नाशीला टेकलेली ती एकटीच होती. बाकीच्या पोरी पंचविशीच्या आतबाहेरच्या. साहेबसुद्धा तिच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि तोही अक्काच म्हणे. हा मान आहे की वयाची आठवण, असा प्रश्न तिला पहिल्या वर्षी पडला होता. पुढे पडेनासा झाला. दमलेल्या माणसाला प्रश्न कमी पडतात, तेवढाच एक फायदा.

कंपनी घरोघरी इंटरनेट पुरवायची. पुरवता पुरवता कोणत्या घरात काय काय उघडलं जातं तेही टिपून ठेवायची. त्या टिपणांवरून मशीन प्रत्येक कनेक्शन एकेका गटात टाके आणि ते गट जाहिरातवाल्यांना विकले जात. मशीनची जिथे खात्री नसे, ती कनेक्शनं अक्काच्या पडद्यावर येत. नाव नाही, पत्ता नाही. फक्त कनेक्शनचा नंबर, मशीनने सुचवलेला गट, आणि कसली पानं किती वेळा उघडली त्याची दोन ओळींची यादी. खाली तीन बटणं: बरोबर, चूक, सांगता येत नाही. दिवसाला अशी सहाशे. "आपण माणूस बघत नाही, गट बघतो," असं साहेब नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगे. पोरी माना डोलवत आणि कामाला लागत.

गटांची नावं मात्र अक्काची होती. आधीची नावं इंग्रजीत होती, आणि गाद्या विकणाऱ्याला किंवा शिकवणीवाल्याला ती काही केल्या कळत नसत. साहेब म्हणाला, अक्का, तुमची जीभ तिखट आहे, जरा साध्या भाषेत सुचवा. तिने चहाच्या सुटीत कागदावर वीस नावं खरडून दिली. बाळ येऊ घातलेलं घर म्हणजे "पाळणा". लग्न ठरलेलं घर "लगीनघाई". कर्जाच्या शोधात असलेलं "अंथरूण-पाय". आजारांची पानं वाचत बसणारं "नवं दुखणं". आणि सतरावा गट, ज्या घरातलं कुणीतरी एकट्यापुरती राहायची जागा शोधतंय असा, त्याला "वेगळी चूल". सगळा मजला हसला होता. साहेबाने कौतुकाचा ई-मेल पाठवला. पगार होता तिथेच राहिला.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास तिच्या पडद्यावर एक नंबर आला, शेवटचे चार आकडे सात-शून्य-तीन-आठ. बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण अक्काच्या घरचं इंटरनेट आठवड्यातून दोनदा बंद पडे, आणि कंपनीत नोकरी असूनही तिला चारचौघांसारखी तक्रार करावी लागे. प्रत्येक तक्रारीची सुरुवात तो नंबर म्हणून दाखवण्याने होई. नवऱ्याची जन्मतारीख एक वेळ ती विसरली असती, हा नंबर नाही.

सुचवलेला गट: वेगळी चूल. यादी: एका माणसाची भाड्याची खोली, एक्केचाळीस वेळा. वेळ: दुपारी दोन ते चार.

तिने डोळे चोळले. नंबर तोच होता. गट तोच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आपल्याच घरातली मूठ कुणीतरी उघडून आपल्यासमोर ठेवली होती. मग सहा वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. यादी बरोबर आहे हे दिसत असताना "चूक" दाबलं.

दुपारी शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली मान वाकवून हळूच म्हणाली, "अक्का, सकाळी एका वेगळ्या चुलीवर तुमचा हात घसरला होता बघा. दुसऱ्या तपासणीत माझ्याकडे आलं. मी दुरुस्त करून टाकलं, साहेबांना नाही सांगितलं."

"उपकार झाले गं तुझे," अक्का म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरात माणसं चार. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कायमचा रात्रपाळीला. सकाळी येई, जेवून झोपे, दीडच्या सुमारास उठे. मुलगी चिमी, हिचं कॉलेज एकला सुटे. सासूबाई दिवसभर घरीच, गुडघ्यांना तेल चोळत. म्हणजे दोन ते चार या वेळेत अक्का सोडून सगळे घरी, सगळ्यांच्या हातात फोन, आणि सगळ्यांचं कनेक्शन एकच. मशीनला घर कळतं, घरातलं माणूस कळत नाही. ही अडचण ती रोज सहाशे वेळा बघत आली होती, पण तिची आच आज पहिल्यांदा लागली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

विचारायची सोय नव्हती. कनेक्शन घेतलं तेव्हा फॉर्मवरच्या एका चौकटीवर बोट ठेवून सासूबाईंनी विचारलं होतं, "ही खूण कसली गं करायची?" तेव्हा अक्का घाईत होती. "काही नाही हो आई, सगळेच करतात. कुणी बघत बसत नाही," असं म्हणून तिने स्वतःच ती खूण केली होती. आता कुठल्या तोंडाने विचारणार? शिवाय कामावरचं घरी बोललं तर नोकरीवर पाणी.

मग ती नवऱ्यावर नजर ठेवू लागली. संशयाला काय, चिंधीचाही साप दिसतो. बुधवारी त्याने दाढी केली. गुरुवारी नवे मोजे घातले. शुक्रवारी फोनवर बोलताना तो गॅलरीत गेला, आणि अक्का भांडी हातात धरून कान टवकारून उभी राहिली, तर तो पंपाच्या वॉशरबद्दल भांडत होता. तिला भीती वाटत होती हे खरं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस उठून जाऊ शकतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पण शनिवारी बसमध्ये दांडीला लोंबकळत असताना आपल्याला राग नेमका कशाचा आलाय ते तिला कळलं, आणि ते भलतंच निघालं. कुणी जातंय याचा राग तिला तेवढा नव्हता. एक्केचाळीस वेळा खोल्या बघायला त्या माणसाला वेळ मिळाला, याचा होता. ती पाचला उठे, चौघांचं करून दोन बस बदले, सहाशे घरं निवडे, दोन बस बदलून परत येई आणि पुन्हा चौघांचं करी. वेगळं व्हायचं म्हटलं तरी आधी बसून विचार करावा लागतो. तो बसायचा वेळ या घरात कुणाच्या वाट्याला आला, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. जायचं तर जा बाबा, पण मला आधी झोपू दे, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

रविवारी दुपारी चौघं एकत्र जेवायला बसली. आठवड्यातलं तेवढं एकच जेवण सगळ्यांचं मिळून होई. चिमी डाव्या हाताने फोन चाळत होती. एकदम हसली.

"ही काय कटकट आहे? दोन दिवस झाले, मला एकट्याचा पलंग घ्या, एकट्याची शेगडी घ्या. आता म्हणे, 'एकट्याचं घर, एकट्याचा निवांतपणा'. मला कोण घर देतंय?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तुलाही येतंय?"

"म्हणजे तुम्हालाही, पप्पा?"

तो बायकोकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. "मला वाटलं, तुझं काहीतरी चाललंय," तो म्हणाला. "चार-पाच दिवस बघतोय. तू माझ्याकडे अशी बघतेस, जणू शेवटचं बघून घेतेयस. म्हटलं, ही निघाली."

"मी? अहो, तुम्ही नवे मोजे घातलेत!"

"जुने फाटले म्हणून घातले!"

चिमी खो खो हसत सुटली. पण तिचं हसणं अर्ध्यावरच थांबलं, कारण आजीने ताटातला हात बाजूला घेतला होता.

"भांडू नका," सासूबाई म्हणाल्या. "खोल्या मी बघत होते."

सासूबाई नातीकडे वळल्या. त्यांच्या आवाजात शरम होती, आणि ती ऐकवत नव्हती. "पण मी बघितलेलं रोज पुसत होते गं. तू शिकवलंस तसं. एक दिवस चुकवला नाही. मग पलंगवाल्याला कसं कळलं?"

"आजी, ते फक्त फोनमधलं पुसलं जातं," चिमी हळू आवाजात म्हणाली. "कंपनीकडे राहतंच."

आता तिघंही अक्काकडे बघू लागले.

"तू म्हणाली होतीस, कुणी बघत बसत नाही," सासूबाई म्हणाल्या. दोषही दिला नाही त्यांनी. नुसती आठवण करून दिली.

नोकरीचे नियम, साहेब, चष्मेवाली, सगळं अक्काच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तिला त्या सगळ्याचाच कंटाळा आला. "बघतात, आई," ती म्हणाली. "मीच बघते. माझं कामच ते आहे. मंगळवारी आपलं घर माझ्यासमोर आलं होतं. मी खोटं सांगून ते परतवून लावलं, तरी बाहेर आलंच. मला माफ करा."

नवऱ्याला यातलं निम्मंच ऐकू गेलं असावं. तो आईकडेच बघत होता. "आई, तुला आमच्यात काय कमी पडलं? या वयात एकटी राहणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. एका शब्दाने बोलली असतीस तर..." अर्धं ताट तसंच टाकून तो आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. चिमी थोडा वेळ बसली, मग पप्पांची समजूत काढायला आत गेली.

स्वयंपाकघरात दोघी सासू-सुना उरल्या. सासूबाई नेहमीसारख्या स्टुलावर बसून भांडी विसळत होत्या आणि अक्का पुसत होती. आपल्या हातून या बाईला काय काय बोललं गेलं असेल, ते ती आठवून बघत होती. घाईत तुटक बोललो असू. गुडघ्याचं तेल आणायचं दोनदा विसरलो. एवढ्यावर माणूस घर सोडतं? सोडतही असेल.

"आई, माझंच चुकलं का काही?"

"तुझं कशाला चुकेल?"

"मग खोली कशाला बघत होतात?"

सासूबाईंनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "अगं खुळे, हे गुडघे घेऊन मी एकटी कुठे जाणार? मी तुझ्यासाठी बघत होते."

अक्काच्या हातातलं फडकं थांबलं.

"तुझ्या ऑफिसजवळ," सासूबाई म्हणाल्या. "चालत जाता येईल अशी. आठवड्यातले चार दिवस तू तिकडे राहायचं, उरलेले तीन इकडे. चुलीपुढे मी उभी नाही राहू शकत, पण बसून चिरून देईन, चिमी करील. तिला काय हात नाहीत? परवा नळ चालू ठेवून तू ओट्यावर डोकं टेकून झोपलीस. मी येऊन नळ बंद केला, तरी तुला जाग नाही. पाच मिनिटं उभी होते मी तुझ्याजवळ. म्हटलं, ही अशीच एक दिवस बसखाली जाईल आणि आम्ही म्हणू, फार कामाची होती हो."

"मला आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. म्हणून म्हटलं, जागा हातात आली की मगच तोंड उघडावं. तोवर पुसत होते आपली रोजच्या रोज."

"आणि मघाशी? मघाशी खरं का नाही सांगितलंत? ते तुमच्यावर रागावलेत."

"रागावू दे. माझा मुलगा आहे, संध्याकाळी चहा मागायला येईलच." सासूबाईंनी शेवटचं पातेलं पालथं घातलं. "तुझं नाव घेतलं असतं तर जन्मभर तू 'घर सोडून निघालेली' झाली असतीस. म्हातारं माणूस चार दिवस रुसलं तर कुणी मनावर घेत नाही. त्या कंपनीलाही समजू दे, म्हातारीच निघालीय म्हणून. तुझ्यावर कुणाची नजर नको."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते अक्काला पाठ होतं. काहीतरीच काय आई, मी बरी आहे, मला कशाला हवी खोलीबिली, लोक काय म्हणतील. एवढी वर्षं तिने तेच म्हटलं होतं, आणि आताही तेच म्हणायला तिने तोंड उघडलं. आतून नवऱ्याच्या कुशी बदलण्याचा आवाज आला. चिमी त्याच्याशी काहीतरी कुजबुजत होती.

"आई," अक्काने अगदी हळू विचारलं, "त्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का हो?"